रखमाबाईंचं 'आम्ही'

नवघरच्या रखमाबाई भोईर स्वतःला कधी 'मी' म्हणत नसत. त्यात मोठेपणाचा भाग नव्हता, उलटच होतं. भाईंदर पश्चिमेच्या एका प्रसूतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं मावशी म्हणून काम केलं, तिथली ती सवय. पोर धडधाकट जन्मलं की बाप पेढ्यांचा बॉक्स पुढे करायचा, "मावशी, तुम्ही होतात म्हणून." रखमाबाई म्हणायच्या, "आम्ही काय एकट्यांनी केलं? सगळ्यांनी केलं." आणि उलटं झालं, आई रडायला लागली, की तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "आम्ही कमी पडलो गं." एकट्या आयाबाईनं ना श्रेय घ्यावं ना दोष, एवढ्या मोठ्या कामाला एकटं माणूस कुठे पुरतं, असं त्यांचं सरळ म्हणणं. हळूहळू तो शब्द जिभेवर असा बसला की घरीसुद्धा "आम्ही जेवलो", "आम्हाला जरा पडू दे" सुरू झालं. नवरा शिवदास विचारायचा, "आणखी कोण कोण आहे आत?" रखमाबाई त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

आता सांगा, इतका साधा शब्द. कुणाचं त्यानं काय वाकडं व्हावं? पण फेब्रुवारीतल्या एका बुधवारी उत्तनच्या चर्चच्या ऑफिसात याच शब्दानं भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

झालं असं की सोमवारी ज्युलिएटबायचा फोन आला. ज्युलिएटबाय उत्तनची, मासळी विकणारी, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी चालतो. सप्टेंबरात तिची सून स्टेफनी सातव्या महिन्यात बाळंत झाली होती, जुळं, आणि रखमाबाईंच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. जुळ्यातली मुलगी दोन तास जगली. मुलगा चाळीस दिवस काचेच्या पेटीत राहून घरी गेला.

"रखमाबाय, पोराचा आयतवारी बाप्तिस्मा हाय," ज्युलिएटबाय म्हणाली. "म्हणजे पाणी तुम्ही तवाच घातलाय, आता बाकीचा. पण फादर बोलतात, ज्या बाईनं पाणी घातला तिला एकदा आणा. बुधवारी येशाल ना?"

"येतो की आम्ही," रखमाबाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली, भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उत्तनची बस धरली आणि खिडकीजवळ बसल्या. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना पहिली आंघोळ घातली होती. पण आपण घातलेल्या पाण्याची चौकशी करायला कुणी बोलावलंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. कशाला खोटं बोला, त्यांना जरा ऐट वाटत होती.

चर्चला ज्युलिएटबाय देऊळच म्हणायची. देवळामागचं ऑफिस छोटं होतं, एक टेबल, चार खुर्च्या आणि कपाटात जाडजूड वह्या. फादर रेमंड वयानं पस्तिशीचे, चष्मा, आणि बोलणं असं मोजूनमापून की रखमाबाईंना आपल्या डॉक्टरांची आठवण झाली. समोर ज्युलिएटबाय, शेजारी स्टेफनी आणि तिच्या मांडीवर ॲरन, पाच महिन्यांचा, चांगला बाळसेदार. बाप मोझेस बोटीवर होता, शनिवारी किनाऱ्याला लागायचा होता.

"फादर, आम्हाला एक कळत नाही," रखमाबाईंनीच सुरुवात केली. "पाणी घालून झालंय. मग आता एवढा समारंभ कशाचा? परत घालणार का?"

"नाही. तेच तर," फादर म्हणाले. "बाप्तिस्मा एकदाच होतो. रविवारी फक्त राहिलेले विधी करायचे, तेल लावायचं, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. पण तेव्हाचा बाप्तिस्मा नीट झाला होता की नाही, ते मला विचारून लिहून ठेवावं लागतं."

"एकदाच का पण? आमच्याकडे पूजा कितीदाही घालतात."

फादर हसले. "तुम्ही तर एकतीस वर्षं बाळंतपणं केलीत. एका पोराचा जन्म दोनदा झालेला पाहिलात?"

"नाही बुवा."

"हाही जन्मच आहे, रखमाबाई. पाण्याखाली जुनं संपतं आणि माणूस ख्रिस्ताच्या घरात जन्माला येतो. त्याची खूण आत्म्यावर उमटते, ती पुसत नाही. चांगला वागला, वाईट वागला, धर्म सोडून गेला तरी पुसत नाही. म्हणून परत करायचा नसतो."

हे रखमाबाईंना लगेच पटलं. जन्माच्या बाबतीत त्यांना कुणी काही समजावायची गरज नव्हती.

"पण आम्ही हिंदू. आमच्या हातानं कसा काय चालला?"

"जीव जायची वेळ असेल तर कुणाच्याही हातानं चालतो. चर्चनं शेकडो वर्षं हेच सांगितलंय. पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच मला करायचंय एवढं मनात हवं. तुमच्या मनात काय होतं?"

"मनात काय असणार? पोरीच्या आईनं सांगितलं ते करायचं. त्यांच्यात जसं करतात तसं. आमच्या मनचं काही घालायचं नाही."

"तेवढं पुरे," फादर म्हणाले आणि कागदावर टिपून घेतलं. "आता सगळं पहिल्यापासून सांगा."

रखमाबाईंना एवढंच हवं होतं. त्या खुर्चीत नीट बसल्या.

"दुपारची दोनची वेळ. मोझेस समुद्रात, या ज्युलिएटबाय विसर्जनाच्या गर्दीत रिक्षात अडकलेल्या. ही स्टेफनी ऑपरेशन होऊन खाटेवर. डॉक्टर येऊन सांगून गेले, मुलीचं काही खरं नाही, मुलाचंही सांगता येत नाही. हिनं आमचा हात असा धरला की बांगडी रुतली. म्हणाली, मावशी, फादर येईपर्यंत दोघं राहायची नाहीत, तुम्हीच पाणी घाला. आणि ते वाक्य तिनं आमच्याकडून तीनदा घोकून घेतलं. 'पवित्र आत्म्याच्या'ला आमची जीभ अडखळायची."

स्टेफनीनं मान हलवली. ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

"पाणी कुठलं घेतलंत?" फादरांनी विचारलं.

"इंजेक्शनात घालायचं असतं ते, शुद्ध. नळाचं घेऊन त्या काचेच्या खोलीत गेलो असतो तर डॉक्टरांनी आम्हाला उभं सोललं असतं. वाटीत कोमट केलं. कपाळावरून तीनदा सोडलं, कातडीवरून वाहिलं, केसांत मुरलं. आधी मुलगी, मग मुलगा. नावं हिनं दिलेली, ॲग्नेस आणि ॲरन. आणि म्हटलं, आम्ही तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि..."

फादरांचा पेन थांबला.

"काय म्हटलंत?"

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. पाठ आहे आम्हाला अजून."

"नाही, त्याच्या आधी. 'आम्ही तुला' म्हटलंत, की 'मी तुला'?"

सगळ्यांनी रखमाबाईंकडे बघितलं. ॲरन तेवढा मूठ चोखत होता.

"अवो फादर, ती बोलायची सवय हाय त्यांची," ज्युलिएटबाय मध्येच म्हणाली. "'आम्ही जेवलो' बोलतात, एकट्याच जेवतात. सगळ्या दवाखान्याला ठाऊक हाय."

"मला तेच विचारायचंय," फादर हळूच म्हणाले. "शब्द 'मी' असाच हवा. 'आम्ही' म्हटलं तर तो बाप्तिस्मा धरत नाहीत. रोमहून तसं स्पष्ट लिहून आलंय."

आता मात्र रखमाबाईंना राग आला. एवढ्या लांब बस पकडून आलो ते काय व्याकरणाचा पेपर द्यायला?

"का धरत नाहीत? मनात तेच होतं, पाणी तेच होतं. एका शब्दानं काय बिघडतं? आणि उलट 'मी मी' करणं वाईट म्हणतात लोक."

"वाईटच. पण तो 'मी' तुमचा नसतोच," फादर म्हणाले. "माझाही नसतो. बाप्तिस्मा देणारा स्वतः ख्रिस्त. आपण फक्त हात आणि तोंड देतो. 'आम्ही' म्हटलं की वाटतं, आपण चार जणांनी मिळून ठरवलं आणि पोराला आपल्यात घेतलं. तसं नाही ना. बोलावणारा तो एकटा आहे."

 रखमाबाई म्हणाल्या, "आमच्या आईला वाचता येत नव्हतं. मामा मिलिटरीत. त्याचं पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसून वाचायचा, 'ताई, मी खुशाल आहे, मी दिवाळीला येतो.' तो 'मी' काय पोस्टमनचा नव्हता."

"बरोबर तसंच," फादर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला.

"आणि पोस्टमननं 'आम्ही येतो' वाचलं असतं, तर आईनं किती जणांचा भात टाकायचा हेच तिला कळलं नसतं."

ज्युलिएटबायला हसू आलं, पण ते तिनं लगेच गिळलं. बाहेर कुणीतरी लग्नाची तारीख ठरवायला आलं होतं. फादर उठले. "मी दहा मिनिटांत येतो. रखमाबाई, घाई करू नका. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. आठवेल तेच सांगा."

दार लागलं मात्र, ज्युलिएटबायनं खुर्ची पुढे ओढली.

"बाय, 'मी' बोला. एवढासा शब्द. कोण होता तिथं ऐकायला?"

"अहो पण..."

"पण न्हाय नि बिन न्हाय. मी काय आयतवारच्या जेवणावळीसाठी बोलत न्हाय. पोराचा काय, आयतवारी फादर त्याच्या टाळक्यावर परत पाणी घालतील, एका मिनिटात काम. पोरगी कुठशी आणू परत?"

 हे रखमाबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतका वेळ चौकशी ॲरनची चाललीय असंच त्या धरून बसल्या होत्या. वाक्य एक, दुपार एक, पोरं दोन. एकाचं खोटं ठरलं की दुसरीचंही खोटं ठरणार. आणि दुसरी देवळामागच्या मातीत होती.

स्टेफनीनं तेव्हा तोंड उघडलं. "मम्मी, त्यांना नका सांगू काय बोलायचं ते." आवाज सपाट होता. "मावशी, फादरांनी मला आधीच समजावलंय. बाप्तिस्मा झाला नसला तरी देव दयाळू आहे, आईबापाची इच्छा होती तेवढंही त्याला पोचतं, तो आपल्या विधींनी बांधलेला नाही. सगळं पटतं मला. पण मी पाच महिने एका गोष्टीवर उभी आहे, की मी तिला नुसतं मरू दिलं नाही, तिला त्याच्या हातात देऊन मग ती गेली. ते खरं नसेल तर मला खरं सांगा. खोट्यावर मला उभं नाही राहायचं."

बघा, केवढं ओझं टाकलं बाईनं. रखमाबाईंना वाटलं, ज्युलिएटबायचं ऐकावं. एक शब्द तर आहे. पोरीची आई सुखी, आजी सुखी, फादरांची वही सुखी. कुणाचं वाईट करतोय आपण? पण हॉस्पिटलात त्यांनी कधी ताप एकशेदोनचा शंभर लिहू दिला नव्हता, आईला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. आज ते करायला मन घेईना.

"तो पेला द्या," त्या म्हणाल्या.

टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा पेला होता. ज्युलिएटबायनं तो पुढे सरकवला. रखमाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, डोळे मिटले. एकतीस वर्षं हेच काम केलेली बाई. तिचं डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत.

दोन पेट्या. डावीकडे मुलगी. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलला फोन लावायला बाहेर गेलेले, स्वाती सिस्टर इंजेक्शन आणायला. खोलीत मोठं माणूस एकटं, आपण. दारावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं, परवानगीशिवाय बाळांना हात लावू नये. आणि आपण परवानगी घेतलेली नाही.

फादर आत आले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या, पेला हातात.

"आठवलं," रखमाबाई म्हणाल्या. "मुलीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांना न विचारता हात लावत होतो. तेव्हा मनात आलं, आत्ता 'आम्ही' म्हटलं तर त्यात डॉक्टर आले, स्वाती आली, सगळं हॉस्पिटल आलं. त्यांचा काय संबंध? उद्या काही झालं, कुणी विचारलं कुणी केलं, तर बोट एकाच माणसाकडे जायला हवं. हिनंही वाक्य तसंच शिकवलं होतं. म्हणून मी म्हटलं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते. मी म्हटलं, फादर. एकतीस वर्षांत त्या खोलीत तेवढं एकदाच."

शिवदासनं हे ऐकलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. रखमाबाईंच्या तोंडून सलग इतके 'मी' निघालेले त्यांनी स्वतःही कधी ऐकले नव्हते.

"नक्की?" फादरांनी विचारलं.

"शपथ घालू नका, नक्की म्हणजे नक्की."

"जीव भांड्यात पडला," ज्युलिएटबाय म्हणाली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

"थांबा," रखमाबाई म्हणाल्या. "अजून संपलं नाही. पोराचं राहिलं."

ज्युलिएटबायनं त्यांना डोळ्यांनी खूण केली, आता पुरे. रखमाबाईंनी ती पाहिली आणि सोडून दिली.

"मुलाकडे वळलो तोवर स्वाती आली. मला वाटलं ओरडणार. पण ती काही बोलली नाही. पोराच्या तोंडावर मास्क, त्याचा पट्टा नेमका कपाळावर. तिनं पट्टा वर धरला, दुसऱ्या हातानं पोराचं डोकं तोललं, आणि मी पाणी सोडलं. मग दोघींचं काम झालं ना ते? तेव्हा म्हटलं, आम्ही तुला बाप्तिस्मा देतो. खोटं कसं बोलू? तिचा हात होता त्यात."

 सगळ्यांनी ॲरनकडे बघितलं. ॲरननं ज्युलिएटबायकडे बघून जांभई दिली.

"म्हंजे पाच महिने मी याला देवळात पहिल्या बाकावर घेऊन बसतेय," ज्युलिएटबाय सावकाश म्हणाली, "नि याचा काहीच झाला न्हाय?"

"रविवारी होईल," फादर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पूर्ण होईल, पहिल्यापासून, पाण्यासकट. स्वाती सिस्टरांना आणि रखमाबाईंना माझ्यातर्फे आमंत्रण. मात्र त्या दिवशी बोलायचं मी."

"बोला की, आम्ही ऐकतो," रखमाबाई म्हणाल्या. शब्द आपोआप जागेवर आला होता.

फादर कपाटाकडे गेले. रखमाबाईंना वाटलं, आता मुलाचा कागद काढतील. पण त्यांनी सगळ्यात जाड वही काढली, बाप्तिस्म्याची नोंदवही, आणि कोरी ओळ शोधली. तारीख लिहिली, सप्टेंबरातली. नाव लिहिलं, ॲग्नेस. बापाचं नाव, आईचं नाव, गाव उत्तन. शेवटच्या रकान्यात बाप्तिस्मा कुणी दिला ते लिहायचं असतं. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फादरच फादर होते.

"पूर्ण नाव सांगा."

"रखमाबाई शिवदास भोईर," त्या म्हणाल्या. "नवघर लिहा पुढे. नाहीतर कोण ही, म्हणतील."

फादरांनी लिहिलं आणि वही स्टेफनीकडे फिरवली. स्टेफनी बराच वेळ त्या ओळीवर वाकून राहिली. शाई वाळली तरी ती वाचतच होती. मग उठली आणि ॲरनला रखमाबाईंच्या हातात दिलं.

ॲग्नेसला पुरलं तेव्हा स्टेफनी हॉस्पिटलात टाके घालून पडलेली होती. घरी आली, बरी झाली, दर रविवारी चर्चला आली. पण देवळामागच्या कब्रस्तानाच्या फाटकापाशी तिचे पाय मागे वळायचे. पाच महिन्यांत एकदाही ती आत गेली नव्हती. ज्युलिएटबायनं विचारायचं सोडून दिलं होतं.

"धरा मावशी जरा याला," ती म्हणाली. "मी तिला भेटून येते."

ज्युलिएटबाय उठायला लागली. रखमाबाईंनी मोकळ्या हातानं तिला खाली बसवलं. दोघी खिडकीशी बसून राहिल्या आणि ऊन कलेपर्यंत कुणीही स्टेफनीला हाक मारली नाही.